दूध दोघांचं आहे

चिकलठाण्याच्या लेकरांच्या दवाखान्यात सकाळ उजाडते ती दुधानं. साडेआठच्या सुमारास रिक्षातून, मोटारसायकलवरून, एसटीतून उतरून चालत असे एकेक बाप्ये यायला लागतात. कोणाच्या हातात बर्फ भरलेला थर्मास, कोणाच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली स्टीलची डबी. आत काचेमागं, उबेच्या पेट्यांत, त्यांची ओंजळीत मावतील एवढी लेकरं असतात. आणि त्या लेकरांच्या आया असतात घरी. फुलंब्रीला, गंगापूरला, सोयगावला, लासूर स्टेशनला. बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडू नये, तिला वारं लागतं, तिचा विटाळ असतो, असं आपण आजी-पणजीपासून ऐकत आलो. म्हणून आई घरी आणि तिचं दूध प्रवासाला.

दाराशी स्टूल टाकून हे दूध उतरवून घ्यायला गीताबाई बसलेल्या असतात. साठी उलटलेली, गळ्यात तुळशीची माळ. एकादशीचं कीर्तन कधी चुकवायचं नाही आणि ऐकलेलं निरूपण दुसऱ्या दिवशी या बाप्यांना ऐकवल्याशिवाय राहायचं नाही, हा त्यांचा नेम. प्रत्येक डबीवर चिकटपट्टी लावून त्या निळ्या पेनानं आईचं नाव घालतात. बापाचं नाव कधी विचारत नाहीत. एखाद्यानं हात न धुता डबी पुढं केली, की म्हणतात, "आधी हात धू बाबा. तू तालुक्याचा सभापती असशील, पण ह्या दारात तू नुसता दूधवाला."

या दवाखान्याला आजूबाजूची जुनी माणसं 'पाळण्यांचा दवाखाना' म्हणतात. पस्तीस वर्षांमागं डॉक्टर तबस्सुम शिक्षण संपवून आल्या, तेव्हा त्यांना एका बंद पडलेल्या गोदामातल्या दोन खोल्या मिळाल्या. खाटा नव्हत्या. सुताराकडून चार लाकडी पाळणे करून घेतले. दिवस भरायच्या आत आलेल्या लेकरांसाठी लाकडाच्या खोक्यात विजेचे दिवे लावून ऊब केली. वीज गेली, की शेजारच्या कारखान्यातले कामगार आपल्या जनरेटरची वायर भिंतीवरून अलीकडं टाकत. आतलं लेकरू कोणत्या जातीचं, कोणत्या धर्माचं, हे त्यांतल्या एकानंही कधी विचारलं नाही. गीताबाई तेव्हापासूनच्या. दोन खोल्या झाडायला म्हणून आल्या आणि तिथल्याच झाल्या.

चार पाळण्यांचे बारा झाले, बारांचे चाळीस झाले. गोदाम पडलं, इमारत उठली. आज तीन मजले आहेत, ऐंशी खाटा आहेत, श्वास देणारी यंत्रं आहेत, आणि चौथा मजला बांधून तयार आहे. वर बैठकांचा मोठा हॉल आणि खास खोल्या व्हायच्या होत्या. उद्घाटनाच्या पत्रिका छापून आल्या होत्या.

सगळं वाढलं. एक गोष्ट मात्र पहिल्या वर्षी होती तशीच राहिली. ती म्हणजे मर्जीचा कागद.

डॉक्टर नको म्हणत असताना घरच्यांना लेकरू न्यायचंच असेल, तर हा कागद करून घेतात. 'आम्ही आमच्या मर्जीनं नेत आहोत, पुढं काही झाल्यास दवाखाना जबाबदार नाही.' खाली सहीला एकच ओळ: वडील किंवा पालक. गोदामाच्या दिवसांत तो टाइप झाला आणि मग छापत गेला. त्यात काही चुकलंय असं कोणालाच कधी वाटलं नाही.

त्या मंगळवारी लासूर स्टेशनचा शिवम दूध घेऊन आला, तेव्हा गीताबाईंच्या हाताला त्याच्या डबीवर एक आधीच लावलेली चिठ्ठी लागली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'फक्त मुलाला.'

शिवमची दोन लेकरं आत होती. जुळी, एक मुलगी आणि एक मुलगा. मुलगी सात मिनिटांनी थोरली. लासूरच्या प्रसूतिगृहात सातव्या महिन्यात जन्मली आणि तासाभरात ॲम्ब्युलन्सनं इथं आली. दोघंही सव्वा किलोच्या आसपास. आई संस्कृती, सोयगावची लेक, बावीस वर्षांची, बी.कॉम. झालेली. तिनं दोघांना पाहिलं ते फक्त ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना, तेही पाठमोरं. आज नववा दिवस होता.

"हे काय रे?" गीताबाईंनी विचारलं.

शिवमनं मान खाली घातली. घरून तात्यासाहेबांनी सांगितलंय, म्हणाला. तात्यासाहेब त्याचे वडील, लासूरच्या बाजारातले मोठे आडते, गावच्या हरिनाम सप्ताहाचे वीणेकरी. दूध थोडंच येतंय, दोघांत वाटलं तर दोघंही उपाशी राहतील, त्यापेक्षा जो वंश चालवणार त्याला भरपूर मिळू दे, मुलीला पावडरचं चालेल, असा त्यांचा हिशेब. शिवम हे सगळं जमिनीकडं बघून बोलला. तो वाईट मुलगा नव्हता. बापाच्या शब्दापुढं बोलायची सवय नसलेला मुलगा होता, आणि आपल्याकडं त्यालाच चांगला मुलगा म्हणतात.

पावडरचं दूध चालू झालं. दुसऱ्याच दिवशी मुलीचं पोट फुगलं, नळीतून दिलेलं परत येऊ लागलं. डॉक्टरांनी दूध थांबवून सलाईन लावलं. शिवमनं ते घरी कळवलं. संध्याकाळी निरोप आला: मुलीच्या अंगी लागत नाही, तिचे हाल कशाला करता, तात्यासाहेब उद्या येऊन तिला घरी नेणार. मुलगा राहू द्या.

घरी नेणार म्हणजे काय, ते गीताबाईंना माहीत होतं. सलाईन काढून सव्वा किलोचं लेकरू गोधडीत गुंडाळून पन्नास किलोमीटर न्यायचं आणि मग देवाची मर्जी म्हणायचं. वीस वर्षांमागं पैठणकडच्या एका आजोबाच्या हातात त्यांनी स्वतःच्या हातानं अशी एक मुलगी दिली होती. कागद झाला होता. सही झाली होती. मुलीनं जाताना गीताबाईंच्या बोटाला मूठ घातली होती, ती सोडवून घ्यावी लागली होती. आठवड्यानं तोच आजोबा औषधाच्या उरलेल्या बाटल्या परत द्यायला आला, तेव्हा गीताबाईंनी काही विचारलं नाही आणि त्यानं काही सांगितलं नाही. तेव्हापासून कीर्तनात टाळ्या वाजवताना मधेच त्यांचा हात थांबतो. शेजारणीला वाटतं, बाई रंगून गेल्या.

गीताबाई डॉक्टरबाईंच्या खोलीत गेल्या. तबस्सुम मॅडम उद्घाटनाच्या पाहुण्यांची यादी बघत होत्या. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. आपण समजावून सांगू, त्या म्हणाल्या, पण नाहीच ऐकलं तर जबरदस्ती करता येत नाही, घरचा मामला आहे, कागद करून घ्या.

"मॅडम," गीताबाई म्हणाल्या, "घरचा मामला म्हणतो आपण. घर म्हंजे कोण? तिच्या मायला कोणी इचारलं का?"

"माँ तो घर पे है, गीताबाई. बाळंतीण आहे ती. तिला कशाला त्रास?"

"तिला त्रास नगं म्हनून तिचं लेकरू न इचारता मारायचं व्हय?"

पस्तीस वर्षांत गीताबाई मॅडमशी असं बोलल्या नव्हत्या. बोलून झाल्यावर त्या स्वतःच घाबरल्या आणि निघून गेल्या.

मॅडमनी पाहुण्यांची यादी बाजूला सारली. मग उठून त्यांनी भिंतीतलं कपाट उघडलं आणि मर्जीच्या कागदांच्या फायली टेबलावर काढल्या. एकेक कागद त्यांनी त्या त्या दिवशी पाहिला होता, हळहळल्या होत्या, पुढच्या लेकराकडं वळल्या होत्या. सगळे एकत्र असे कधी पाहिले नव्हते. मागच्या सहा वर्षांचे त्यांनी दोन ढीग केले. मुलग्यांचा ढीग त्यांच्या बोटाच्या पेराएवढा झाला. मुलींचा ढीग वीतभर झाला आणि सरकून खाली सांडला. खाली वाकून कागद गोळा करताना त्यांनी सह्या वाचल्या. बाप, आजोबा, चुलता, मामा, एका ठिकाणी गावचा सरपंच. आईची सही एकाही कागदावर नव्हती. कुठून असणार? तिच्यासाठी ओळच नव्हती. आणि ती ओळ न घालणारा हात लासूरचा नव्हता, पैठणचा नव्हता. तो त्यांचा स्वतःचा होता.

इकडं गीताबाई जिन्याखाली बसून फोन लावत होत्या. संस्कृतीला दूध कसं काढायचं हे सांगायला त्या रोज तिला फोन करत. बाळंतिणीनं फोन धरू नये म्हणून तो सासूकडं, आवडाबाईंकडं असायचा. त्या सुनेच्या कानाला लावून धरायच्या. गेल्या आठ दिवसांत या दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं, पण लेकरांचं वजन, लेकरांची शी, लेकरांच्या जांभया सगळं फोनवरून त्या घरात पोचत होतं.

आज गीताबाई इकडचं तिकडचं काही बोलल्या नाहीत. "माय, एक इचारते," त्या म्हणाल्या. "तुपलं दूध कोणाला जातं, म्हाईत हाय का तुला?"

"दोघांला," संस्कृती म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणे. "मामा म्हणले दोघांला सारखं देतात. कामून?"

गीताबाईंनी सांगितलं. चिठ्ठीचं सांगितलं, पावडरचं, फुगलेल्या पोटाचं, उद्या सकाळचं. मग संस्कृतीनं एवढंच विचारलं, की डॉक्टर तर म्हणाले होते ना मुलगी वाचत नाही म्हणून, मामांनी सांगितलं तसं.

"कोणता डागतर असं म्हणला नाय. दोघांत तीच जास्त हातपाय हलवती. दूध कमी हाय म्हणतेत ना तुपलं? लेकरू अंगाला नाय लागलं तर दूध कुठून उतरंल, बाई? तू इथं ये. लेकराला उराशी धर. मंग बग."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यासाहेब आणि शिवम निघून गेल्यावर संस्कृती बाजेवरून उठली. शेगडी पायानं बाजूला सारली. कानाला बांधलेला रुमाल तसाच ठेवला, अंगावर शाल घेतली. स्वयंपाकघरात आवडाबाई भाकरी थापत होत्या. उंबऱ्यावर सुनेचं पाऊल पडलं तो आवाज त्यांनी ऐकला. त्यांनी मान वळवली नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "मोजे घालून जाय. पायाला गार लागंल."

गल्लीच्या तोंडाशी शिवणकाम करणाऱ्या कमरुन्निसानं तिला पाहिलं आणि मशीन थांबवली. दहा दिवसांची बाळंतीण एकटी कुठं चालली, तिला कळेना. ऐकल्यावर तिनं दुकानाचं शटर खाली ओढलं. "अकेली कैसे जाती गे? मैं आती ना," म्हणाली आणि संस्कृतीच्या कमरेला हात घालून तिला स्टेशनपर्यंत घेऊन आली. गाडीत बायांनी खिडकीची जागा दिली. सगळ्या रस्त्यानं संस्कृतीचं दूध गळत होतं. कमरुन्निसा आपली ओढणी तिच्यावर धरून बसली होती.

दवाखान्यात तोवर कागद टेबलावर आला होता. तात्यासाहेब खुर्चीत बसले होते. पांढरं धोतर, कपाळाला बुक्का, बोलणं मऊ. ऐका मायबाप, तो माणूस कसाई नव्हता. ह्याच माणसाच्या डोळ्यांतून कीर्तनात देवाच्या नावानं धारा लागत. हेच तर आपलं दुखणं आहे. निर्दयांशी भांडायला सोपं असतं. भांडण असतं ते रडणाऱ्या, टाळ धरणाऱ्या, गोड माणसांशी, कारण ते आपल्यासारखेच असतात.

त्यांनी मॅडमना समजावलं, की तुमचे उपकार आहेत, मुलावर इलाज चालू ठेवा, कितीही दिवस ठेवा. मुलीचं तिच्या नशिबावर सोडा. शिवमनं सही केली होती. पेन अजून त्याच्या हातात होतं.

तबस्सुम मॅडमनी कागद आपल्याकडं ओढला. शिवमच्या सहीखाली मोकळी जागा होती. तिथं त्यांनी पट्टी न घेता हातानंच एक रेघ ओढली, आणि रेघेच्या आधी लिहिलं: आई.

"इथं सही राहिली," त्या म्हणाल्या.

"अशी वळ नव्हती ह्या कागदावर," तात्यासाहेब म्हणाले. "बापाची सही हाय की."

"दूध बापाचं नाही, तात्यासाहेब."

"डागतरबाई, दवाखाना तुमचा असंल. घर आमचं हाय. बाळतीण सव्वा महिना भाईर निघत नसती, हे तुम्हाला कोण सांगावं?"

तेवढ्यात दार उघडलं. गीताबाईंनी संस्कृतीला दंडाला धरून आत आणलं. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा होता, पदर पुढून ओला झाला होता. सासऱ्यासमोर ती कधी उभी राहिली नव्हती. आताही तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, पण जागची हलली नाही.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही म्हणले, दोघांला सारखं पोचतंय. मी रोज ते इचारून मंगच काढत होते."

तात्यासाहेब उठून उभे राहिले. तू इथं कशी, एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"रेल्वेनं आले. आधी माझी पोरगी बघते, मंग बोलते," असं म्हणून ती थांबली, आणि स्वतःलाच दुरुस्त केलं, "पोरगी आन् पोरगा. दोन्ही मपली हायेत. दूध दोघांचं हाय. एक ठिवून एक नेता यायचं नाय."

सून उलट बोलते म्हणून नव्हे, तर चारचौघांत बोलते म्हणून तात्यासाहेबांचा आवाज चढला. सप्ताह तोंडावर आलाय, विटाळाच्या अंगानं गावभर फिरलीस, वीणा कोणत्या तोंडानं हातात घेऊ, असं ते बोलत राहिले. मग गीताबाई पुढं झाल्या. त्या दवाखान्यातल्या आयाबाई, त्यांना बोलायचा अधिकार कागदावर कुठंच नव्हता.

"तात्या, मीबी माळकरी हाय," त्या म्हणाल्या. "कीर्तनात आपण देवाला माउली म्हणतो. मालक म्हणत नाय, आडत्या म्हणत नाय. माउली म्हणतो. आन् घरातली माउली उंबऱ्याच्या आत कोंडून, तिच्याशी खोटं बोलून, तिचं लेकरू गोधडीत बांधून न्यायला आलात. ह्या हातानं वीणा धरायची का नाय, ते विटाळाला इचारू नगा. ह्याला इचारा." आणि त्यांनी टेबलावरच्या कागदाकडं बोट केलं.

मॅडमनी पेन शिवमच्या हातातून काढून संस्कृतीपुढं धरलं. तिनं वाकून, नव्या रेघेवर, शाळेत लिहावं तसं स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'नेऊ देणार नाही.' आणि खाली नाव.

तात्यासाहेब दाराकडं वळले. जाताना म्हणाले, सव्वा महिन्याच्या आत उंबरा ओलांडला, आता परत घराची पायरी चढू नको. संस्कृती म्हणाली, "दोघं घरी यायजोगे होईस्तवर नाय येत." त्यांनी शिवमला हाक मारली. शिवम उठला. दोन पावलं गेला. मग परत फिरला, टेबलावरचं पेन घेतलं आणि आपल्या सहीवर आडवी रेघ मारली. आयुष्यातलं ते पहिलंच काम त्यानं बापाला न विचारता केलं. गीताबाईंनी त्याला सांगितलं, जाय, हात धू.

आता खरी लाज पुढं होती. संस्कृती दवाखान्यात राहणार म्हणाली, आणि तीन मजल्यांच्या त्या इमारतीत आईला पाठ टेकायला जागा निघेना. यंत्रांना खोल्या होत्या, औषधांना होत्या, साहेबांच्या गाड्यांना छप्पर होतं, चौथ्या मजल्याला उद्घाटनापर्यंत कुलूप होतं. लेकरांच्या दवाखान्याचा पस्तीस वर्षांचा विस्तार लेकराच्या आईला विसरून झाला होता. पहिले पाच दिवस ती कपड्यांच्या कोठीत, धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये चटई टाकून राहिली. गीताबाई घरून बाजरीची भाकरी, डिंकाचा लाडू आणत. दिवसभर ती मुलीला उघड्या छातीशी, लुगड्याच्या पट्टीनं बांधून बसे, मग मुलग्याला. तिसऱ्या दिवशी मुलीचं पोट बसलं. चौथ्या दिवशी दूध दोघांना पुरलं. सहाव्या दिवशी उरलं, आणि शेजारच्या पेटीतल्या, सिल्लोडच्या एका लेकराला गेलं.

तबस्सुम मॅडमनी उद्घाटनाच्या पत्रिका वाटल्या नाहीत. विश्वस्तांच्या बैठकीत त्यांनी सांगितलं, चौथ्या मजल्यावर हॉल होणार नाही. तिथं तीस खाटा पडतील, लेकरांच्या आयांसाठी. आणि आईची सही, आईचा अंगठा असल्याशिवाय, तिच्याशी समोरासमोर बोलल्याशिवाय या दवाखान्यातून एकही लेकरू मर्जीच्या कागदावर बाहेर जाणार नाही. विश्वस्त म्हणाले, लोक चिडतील, दुसऱ्या दवाखान्यात जातील, आपलं नाव खराब होईल. मॅडम म्हणाल्या, "जाएँगे तो जाने दो. पस्तीस वर्षं नाव चांगलंच होतं ना आपलं? त्या फायली आणू का वाचायला?"

लोक चिडलेच. एका घरच्यांनी खिडकीची काच फोडली. बाईला घराविरुद्ध भडकवतात, रीत मोडतात, असं पत्र कोणीतरी पेपरात दिलं. एक गावपुढारी पन्नास माणसं घेऊन आला आणि बाळंतिणींचा विटाळ होतो, नियम मागं घ्या, म्हणाला. तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या अकरा बाळंतिणी, कोणाच्या कानाला रुमाल, कोणाच्या छातीला लेकरू बांधलेलं, जिना उतरून खाली आल्या आणि पायऱ्यांवर बसून राहिल्या. काही बोलल्या नाहीत. पुढाऱ्याला त्यांच्यातून वाट काढायची म्हणजे त्यांना हात लावावा लागला असता, आणि विटाळ तर त्यानंच सांगितला होता. तो परत गेला.

तिसाव्या दिवशी मुलगी घरी जाण्याजोगी झाली. मुलग्याला अजून श्वासाला आधार लागत होता. शिवमकडून निरोप आला, की तात्यासाहेब म्हणतात, मुलगी मोकळी झाली ना, मग तिला घेऊन सून आता घरी येऊ शकते, मुलाजवळ आम्ही माणूस ठेवतो. संस्कृतीनं उलट निरोप धाडला, "भावाला टाकून बहीण जात नसती. माझी पोरगी थांबंल."

आणि ती थांबली. अजून अकरा दिवस.

एकेचाळिसाव्या दिवशी दोन्ही लेकरं निघाली, तेव्हा त्यांना न्यायला शिवमसोबत आवडाबाई आल्या होत्या. लासूरच्या बाजाराच्या पलीकडं त्या लग्नानंतर फारशा कधी गेल्या नव्हत्या. सप्ताह होऊन गेला होता. तात्यासाहेबांनी वीणा घेतली नाही, का ते कोणाला सांगितलंही नाही. घरी त्यांनी नातवाचं नाव ठरवून ठेवलंय, पण पोरीच्या नावाचा विषयच कोणी काढला नाही, हे आवडाबाईंनी आल्या आल्या सांगून टाकलं. मग त्या काचेपाशी उभ्या राहिल्या. आतल्या पेट्या, नळ्या, इवले इवले पाय एकटक बघत राहिल्या.

तबस्सुम मॅडम त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"अशीच व्हती," आवडाबाई म्हणाल्या. "एवढीच. शिवमच्या आधीची. मी बाजेवर व्हते. त्यांनी सांगितलं, देवानं नेली. मी तिला बगितली बी नाय."

"नाव काय होतं तिचं?" मॅडमनी विचारलं.

"नाव ठिवायचं ऱ्हायलं."

त्या वळल्या. संस्कृतीच्या हातून त्यांनी आधी मुलीला घेतलं. नाव ठेवायचा मान आत्याचा असतो, बारसं घरी होतं, पाळणा लागतो, सवाष्णी लागतात, हे त्यांना सगळं ठाऊक होतं. दवाखान्याच्या दारात, चपला, थर्मास आणि ओळीत उभ्या असलेल्या बाप्यांच्या मधोमध, त्यांनी ते तान्हं तोंड गालाशी धरलं आणि त्याच्या कानात तीनदा कुर्रर्र केलं.

"मुक्ता," त्या म्हणाल्या. कानात नव्हे, मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आता कोणाला सांगून दाखवा म्हणावं, देवानं नेली म्हनून."